इगतपुरी तालुक्यातील ठाकर समाज : रूढ प्रतिमा आणि पुराव्याचा प्रश्न

एखाद्या मानवसमूहाविषयी दोन-चार ठोकळ विधाने प्रचलित होतात आणि कालांतराने तीच त्या समूहाची ओळख मानली जाते. स्विस माणूस म्हटला की वक्तशीर आणि काटेकोर, तसा ठाकर म्हटला की भोळा, लाजाळू, रानोमाळ हिंडणारा. स्विस माणसाचे अशा प्रतिमेने फारसे बिघडत नाही. उलट त्याची घड्याळे खपतात. ठाकर विद्यार्थ्याला मात्र प्रवेशाच्या वेळी तिला तोंड द्यावे लागते.

'आळशी' हे विशेषण तर केवळ ऋतू न पाहिल्याचे फळ आहे. इगतपुरीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात राब भाजणे, जूनमध्ये पेरणी, पुढे चिखलात आवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी असा भातशेतीचा क्रम असतो. त्यानंतर हीच माणसे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मोकळे अंगण पाहून आळसाचा निष्कर्ष काढणाऱ्याच्या दृष्टीस हे स्थलांतर पडत नाही.

या प्रतिमेचा खरा उपद्रव जात पडताळणीत दिसून येतो. १९५६ च्या अनुसूचीत नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, नाशिक व सिन्नर या तालुक्यांपुरतीच ठाकर जमातीस मान्यता होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. परंतु 'ठाकूर' हे नाव इतर समाजांतही आढळत असल्याने दाव्यांविषयी संशय वाढला. माधुरी पाटील प्रकरणातील १९९४ च्या निर्णयानंतर पडताळणी समित्या व दक्षता पथके अस्तित्वात आली. अर्जदारास जमातीची दैवते, विवाहविधी, बोली, नृत्ये यांची माहिती आहे काय, हे आप्तभाव चाचणीत तपासले जाते. म्हणजे ल. ना. चापेकर यांच्या १९६० च्या 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' या ग्रंथातील वर्णनाशी आजच्या मुलीने जुळावे, अशीच ही अपेक्षा होय. रेल्वेत नोकरीला लागलेल्या कुटुंबातील तिसऱ्या पिढीने जुने विधी विसरणे स्वाभाविक आहे. ब्राह्मण वा मराठा विद्यार्थ्याची अशी परीक्षा कोणी घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद प्रकरणात आणि मार्च २०२३ मध्ये त्रिसदस्यीय पीठाच्या निर्णयात आप्तभाव ही निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. दुसऱ्या प्रकरणातील याचिकाकर्ती संस्था ठाकूर जमातीचीच होती. संविधानपूर्व नोंदींना अधिक प्रमाणमूल्य असून, कागदपत्रांवरून समितीचे समाधान झाल्यास दक्षता चौकशीची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

येथे एक विसंगती उरते. संविधानपूर्व नोंद म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. ज्या पाड्यातील मुलगी आपल्या घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढते, तिच्या आजोबांनी शाळाच पाहिलेली नसते. तिच्यापुढे दक्षता पथकाची चौकशी आणि तीच जुनी प्रश्नावली शिल्लक राहते.