‘नॅचरल’ दुकानाचा दर्जा घसरतो तो नेमका कुठून?



लाकडी घाण्याचं तेल, नाचणीची बिस्किटं, साजूक तुपातले लाडू, रसायन न घातलेला गूळ. यातलं काही विकायचं तुमच्या डोक्यात घोळत असेल, तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. हा माल घेणारा ग्राहक किराणा दुकानापेक्षा दीडपट-दुप्पट पैसे मोजतो. ते पैसे कशाचे असतात? पाकिटात काय आहे यावर त्याने ठेवलेल्या विश्वासाचे. तो विश्वास कमावून अब्जावधी डॉलर्सची झालेली कंपनी म्हणजे अमेरिकेतलं ‘होल फूड्स मार्केट’. तिच्या वाटचालीत आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे, चांगलंही आणि सावध करणारंही.

सुरुवात आपल्यासारखीच छोटी होती. जॉन मॅकी आणि रेने लॉसन यांनी १९७८ मध्ये टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात नैसर्गिक खाद्यपदार्थांचं एक छोटं दुकान काढलं. १९८० मध्ये ते दुसऱ्या एका दुकानाशी जोडलं गेलं आणि होल फूड्स उभं राहिलं. वर्षभरातच, मे १९८१ मध्ये, ऑस्टिनमध्ये मोठा पूर आला. दुकानात पाणी शिरलं, सुमारे ४ लाख डॉलर्सचं नुकसान झालं आणि विमा नव्हता. विषय संपला असं वाटावं अशी परिस्थिती. पण गिऱ्हाईक आणि शेजारीपाजारी स्वतःहून साफसफाईला आले, देणेकऱ्यांनी मुदत दिली आणि २८ दिवसांत दुकान पुन्हा उघडलं. ग्राहक तुमच्या दुकानातला चिखल काढायला कधी येतो, यावर थोडा विचार करा. डिस्काउंट दिल्याने तो येत नाही.

पुढे कंपनी वाढत गेली. आपल्या दुकानात कोणते घटक चालणारच नाहीत याची यादी तिने जाहीर केली. आज खाद्यपदार्थांच्या त्या यादीत ३०० हून जास्त नावं आहेत. कृत्रिम रंग, कृत्रिम चवी, हायड्रोजनेटेड फॅट, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप वगैरे. ‘आम्ही हे विकत नाही’ असं लिहून देणं ही जबरदस्त आयडिया होती, कारण ग्राहकाला प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायची गरज उरली नाही. ते वाचायचं काम दुकानाने अंगावर घेतलं. महागाईवरून लोक या दुकानाला गमतीने ‘होल पेचेक’ म्हणायचे, म्हणजे आख्खा पगार इथेच जाणार. तरीही जायचे.

घसरण कशी दिसते

आता दुसरी बाजू बघू.

२०१४ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठी चाचण्या घेणाऱ्या संस्थेने होल फूड्सच्या स्वतःच्या ‘३६५’ ब्रँडचं साधं ग्रीक योगर्ट तपासलं. लेबलवर साखर २ ग्रॅम. सहा नमुन्यांत सरासरी निघाली ११.४ ग्रॅम. मधुमेही माणसाने लेबल वाचून ते घेतलं असेल तर त्याला हा फरक किती महागात जाईल!

२०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने दुकानात आधीच वजन करून पॅक केलेले ८० प्रकारचे पदार्थ तपासले. एकाही प्रकारात सगळी वजनं बरोबर नव्हती. पेकन पँकोच्या एका पॅकला ८० सेंट जास्त, तर नारळ लावलेल्या कोळंबीच्या पॅकला तब्बल १४ डॉलर ८४ सेंट जास्त. कंपनीच्या दोन्ही सीईओंनी व्हिडिओ काढून चुका मान्य केल्या आणि वर्षअखेरीस ५ लाख डॉलर्स भरून प्रकरण मिटवलं. कारणांचा शोध घेतला तर फार मोठं कारस्थान असावं लागत नाही. डब्याचं वजन वजा करायला विसरणं, सगळ्या पॅकवर एकच वजन छापून टाकणं, नवा मुलगा काउंटरवर असणं, एवढंही पुरतं. ग्राहकाला मात्र कारणाशी देणंघेणं नसतं.

त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या एका शाखेत पाण्याच्या बाटलीत शतावरीचे तीन कोंब बुडवून ती बाटली ५.९९ डॉलर्सला ठेवलेली कोणीतरी पाहिली. फोटो सगळीकडे फिरला. चुकून झालं, असं कंपनीने सांगितलं. (आपल्याकडे असा फोटो व्हॉट्सॲपवर किती फिरला असता, कल्पना करा.)

हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट पुढची. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या मोठ्या किचनला ताकीदपत्र दिलं. पाइपांवर, छतावर साचलेलं पाणी थेट अन्नावर ठिबकत होतं. २०१७ मध्ये कंपनीने आपली अशी तीन मोठी किचन बंद करायचं ठरवलं आणि काम बाहेरच्या पुरवठादारांकडे दिलं. मग डिसेंबर २०२० मध्ये एफडीएचं आणखी एक पत्र आलं. ऑक्टोबर २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळात ३२ पदार्थ परत मागवावे लागले होते, कारण त्यात ॲलर्जी करणारे घटक होते पण लेबलवर नव्हते. त्यातले बरेचसे डेली आणि बेकरीतले. म्हणजे दुकानात ‘ताजं, आमचंच’ म्हणून विकले जाणारे! शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ३०० नावांच्या बंदी यादीचा काय उपयोग? तिला या डब्यात काय आहे एवढंच खरं कळायला हवं होतं.

यादी तुमची, यादी ग्राहकाची

मला सगळ्यात विचार करायला लावणारा मुद्दा तेलाचा वाटतो. होल फूड्समध्ये गरम तयार जेवणाचा काउंटर असतो, वजनावर घ्यायचं. तिथल्या बऱ्याच पदार्थांत कॅनोला तेल असतं आणि जुने ग्राहक त्यावर वर्षानुवर्षं कुरकुर करत आले आहेत. आता गंमत बघा. कॅनोला कंपनीच्या बंदी यादीत नाही, त्यामुळे कंपनीने कोणताच नियम मोडलेला नाही. हे तेल वाईट आहे असंही मी म्हणत नाही. हृदयविकाराच्या बाबतीत त्याच्या बाजूने मर्यादित दावा करायला एफडीएनेच २००६ मध्ये परवानगी दिली आहे. पण जो माणूस दुप्पट पैसे देऊन ‘आपल्यासाठी नीट केलेलं’ जेवण घ्यायला आला, त्याच्या मनात ऑलिव्ह तेल किंवा लोणी होतं. त्याने ताटलीसमोरची घटकांची पट्टी वाचली आणि त्याला फसल्यासारखं वाटलं.

म्हणून तुमच्या पदार्थाबाबत ग्राहक न विचारता काय गृहीत धरतो, ते त्याच्याच तोंडून ऐका. ‘घरगुती मसाला’ म्हटलं की तो मिरची भाजून, कांडून केलेली धरतो; तुम्ही बाजारातली तयार पूड मिसळत असाल तर ते चवीत लपेल, पण एक दिवस बाहेर येईल.

हे होतं का?

होल फूड्सच्या यशामुळे क्रोगर, कॉस्को, वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांनीही सेंद्रिय माल ठेवायला सुरुवात केली, तोही स्वस्तात. विक्री मंदावली, गुंतवणूकदारांचा दबाव वाढला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ॲमेझॉनने सुमारे १३.७ अब्ज डॉलर्सना कंपनी घेतली. पहिल्याच दिवशी केळी, ॲव्होकॅडो वगैरेंचे भाव कमी झाले. ग्राहक खूश. पण सगळं खापर ॲमेझॉनवर फोडू नका, वर सांगितलेल्या योगर्ट, वजनं आणि किचनच्या गोष्टी त्याआधीच्याच आहेत.

त्या सुमारास एक बदल झाला आणि तो छोट्या उत्पादकांना लागला. पूर्वी त्या त्या भागातले खरेदी अधिकारी, अगदी एखादी शाखासुद्धा, जवळच्या शेतकऱ्याचा किंवा बेकरीवाल्याचा माल चाखून ठेवून घ्यायची. ते निर्णय हळूहळू मुख्यालयाकडे गेले. २०१८ मध्ये जास्त विक्री असलेल्या पुरवठादारांकडून ३ ते ५ टक्के सूट मागितली गेली आणि ब्रँडच्या माणसांनी दुकानात उभं राहून स्वतः चव द्यायची पद्धतही आवरती घेतली गेली. गोदामात साठा कमी ठेवायच्या नव्या पद्धतीमुळे अनेक शाखांत रॅक रिकामे दिसल्याच्या बातम्याही तेव्हाच्याच. माल चाखणारा माणूस आणि माल निवडणारा माणूस जिथे वेगळे झाले, तिथून पुढे निवड कागदावरच्या आकड्यांवर होते.

आता हेच तुमच्या ओट्यावर आणून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे वेगळे असतील.

तुम्ही साजूक तुपातले बेसन लाडू करता. एक किलोला ४०० ग्रॅम बेसन, ३५० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम तूप. तूप ७०० रुपये किलो धरलं तर तुपाचेच १७५ रुपये. बेसन, साखर, वेलची, काजू मिळून १०५. डबा-लेबल ५०, गॅस आणि मजुरी ९०, वाहतूक २५. एकूण ४४५. एमआरपी ९००. शहरातलं एक झकपक ऑरगॅनिक दुकान ३५ टक्के मार्जिन मागतं. तुमच्या हातात ५८५, म्हणजे किलोमागे १४० सुटले. छान वाटतं. चार महिन्यांनी दुकान म्हणतं, अजून ५ टक्के द्या. गेले ४५. मुदत संपलेले डबे परत येतात, त्याचे किलोमागे ३० धरा. उरले ६५.

आणि इथे तो विचार येतो. अर्धं तूप काढून १६० रुपये किलोचं वनस्पती घातलं तर किलोमागे ६७ रुपये वाचतात. नफा एका फटक्यात दुप्पट! पहिल्या महिन्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे करणारे लोक वाईट असतात असं नाही हो, ते अडकलेले असतात. पण डब्यावर ‘साजूक तुपातले’ छापलेलं असेल तर त्या क्षणी ते लेबल खोटं झालं, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे. मार्जिनचा प्रश्न तुपातून सोडवायचा नसतो. डबा पाव किलोचा करा, भाव वाढवा, त्या दुकानाला नाही म्हणा किंवा त्याच्यासाठी सरळ वेगळा पदार्थ करा.

लेबलचं काम मात्र आजच करून टाका. एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. वरच्या लाडवात बेसन, साखर, मग तूप. दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, सोया यांसारखे ॲलर्जीचे घटक वेगळे दाखवावे लागतात. ‘नॅचरल’, ‘शुद्ध’, ‘फ्रेश’ हे शब्द वाटेल तिथे छापता येत नाहीत, त्याला २०१८ पासून अटी आहेत. जून २०२४ मध्ये तर ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावाही काढून टाकायला सांगितला गेला. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणपत्राचा विषय येतो. तिळाची चिक्की किंवा तिळगूळ अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२३ पासून तिथे तीळ हा जाहीर करायचाच ॲलर्जी घटक झाला आहे. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून घ्या आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करायची सवय मदतनीस ताईंनाही लावा.

आणखी एक सांगतो. एकाच मोठ्या पुरवठादारावर किंवा एकाच मोठ्या दुकानावर सगळा धंदा टांगू नका. जून २०२५ मध्ये होल फूड्सच्या मुख्य घाऊक पुरवठादारावर सायबर हल्ला झाला आणि अनेक दुकानांतले रॅक काही दिवस मोकळे पडले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तुपाचा एकच गवळी असलेल्या लाडूवाल्याचं काय होईल?

एक काम देतो. तुमच्या पदार्थाची कॉस्ट शीट वरच्यासारखी कागदावर मांडा. त्यात अशा दोन ओळींवर लाल पेनाने खूण करा, ज्यातला घटक भाव कितीही वाढला तरी बदलायचा नाही. मग त्या दोन ओळी तशाच ठेवून २५ टक्के, ३० टक्के आणि ३५ टक्के मार्जिनला किती सुटतं ते काढा. तो कागद हाताशी ठेवून पुढचा व्हिडिओ बघा, त्यात आपण दुकानदाराशी मार्जिनची बोलणी करणार आहोत.