हेल्मेट जवळच्या फेरीलाही हवं

दुचाकी अपघातांवरच्या 61 अभ्यासांचा कॉक्रेन आढावा 2008 साली आला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो. आतला थर्मोकोलसारखा थर दबतो, धक्का शोषतो आणि मेंदूला बसणारा हिसका सौम्य होतो. पट्टा लावला नसेल, तर हेल्मेट डोकं आपटण्याआधीच उडून जाऊ शकतं.

“मानेला इजा होते” या आक्षेपाला त्या आढाव्यात पुरेसा आधार मिळाला नाही. “जवळच तर जायचंय” म्हणाल, तर डोकं आपटायला गल्लीही पुरते. हेल्मेटच्या जोडीला जाड जॅकेट आणि हातमोजे कातडी सोलवटण्यापासून वाचवतात. हाडांच्या बाबतीत त्यांच्यावर फार विसंबू नका. आयएसआय खुणेचं हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही द्या.