एपीएल: आधी चिन्हलिपी, मग प्रोग्रामिंग

केनेथ आयव्हर्सन मूळचे गणितातले. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी स्वतःची चिन्हलिपी रचली. १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक आलं आणि पुढे आयबीएममध्ये तिचीच एपीएल ही संगणकभाषा झाली.

यादीतल्या आकड्यांची बेरीज हवी? लूप नको, काही नको. अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ, मग यादी. अधिकच्या जागी गुणिले ठेवा, गुणाकार हजर!

शाळेतलं कंचेभागुबेव मात्र इथे चालत नाही. सगळं उजवीकडून सोडवायचं, म्हणून ३×४+५ चं उत्तर १७ नव्हे, २७. इतक्या चिन्हांचा अग्रक्रम पाठ कोण करणार? मला हा निर्णय पूर्ण पटतो.

आयव्हर्सनना १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एपीएल ब्राउझरमध्ये फुकट चालते. गणिताच्या शिक्षकांनी जरूर करून पाहावी.