किल्लारी प्लेटच्या कडेवर नव्हतं, मग जमीन हलली कशी?

दिवस होता २९ सप्टेंबर १९९३ चा. अनंत चतुर्दशी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावागावांत गणपती विसर्जन झालं, मिरवणुकीतून थकलेली माणसं घरी येऊन झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. धक्का मिनिटभरसुद्धा टिकला नाही. उजाडलं तेव्हा किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांचे दगडमातीचे ढिगारे झाले होते. सुमारे १० हजार माणसं गेली.

यातली चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की भूगोलाच्या हिशेबाने हा भूकंप इथं व्हायलाच नको होता.

शाळेत शिकलेलं आठवून बघा. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. हे तुकडे म्हणजे भूपट्ट, अर्थात प्लेट. त्या अगदी हळू सरकतात, एकमेकींना घासतात, धडकतात. म्हणून जगातले बहुतेक भूकंप प्लेटच्या कडांवर होतात. जपान, इंडोनेशिया, चिली आणि आपल्याकडे हिमालय. दख्खनचं पठार मात्र जुनं, कठीण आणि स्थिर. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळायचे. किल्लारी तर हिमालयातल्या कडेपासून हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. तेव्हाच्या सरकारी भूकंप नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता.

मग झालं काय?

भारतीय प्लेट दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकते. नखं वाढतात जवळपास त्याच गतीने. समोर आशियाची प्लेट आडवी उभी आहे. या धडकेतून हिमालय उभा राहिला आणि अजूनही उंच होतोय. पण रेटा फक्त कडेवरच बसत नाही. दारात अडकलेलं कपाट मागून ढकललं की ताण सगळ्या कपाटावर येतो आणि एखादा जुना, कच्चा सांधा मध्येच कुरकुरतो. प्लेटच्या पोटात असे जुने सांधे असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भेगा. ताण साठत साठत एखादी भेग अचानक सरकते आणि भूकंप होतो.

मराठवाड्यात या भेगा दिसतही नव्हत्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. आपला काळा पाषाण तो हाच. भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तर वर ३३८ मीटर काळा दगड आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. भूकंपाचं मूळ त्याच्याही खाली, काही किलोमीटर खोल होतं. शिवाय अशा ठिकाणी ताण इतका सावकाश साठतो की दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. गावाच्या आठवणीत काहीच उरत नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला छोटे धक्के जाणवले होते खरे, पण असे धक्के बसल्यावर मोठा भूकंप येतोच असं नाही. बहुतेकदा येत नाहीच.

खरं तर दख्खन स्थिर असल्याच्या समजुतीला त्याआधी २६ वर्षांपूर्वीच तडा गेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, सुमारे १८० लोक गेले. तिथं निमित्त वेगळं होतं. धरणात साठलेल्या पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं आणि पाणी भेगांत झिरपून त्या सैल करतं. ताण आधीचाच, पाण्याने फक्त त्याला वाट दिली. कोयना परिसरात आजही धक्के बसतात.

आता मुद्दा मृतांच्या आकड्याचा. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. त्याच्या चार वर्षं आधी, १९८९ मध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणजे सुमारे ११ पट जास्त ऊर्जा. तिथं ६३ लोक गेले. तिथली वेळ संध्याकाळची होती, लोक जागे होते, हे मान्य. पण एवढ्याने हा फरक भरून निघत नाही.

किल्लारी पट्ट्यातल्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, गोट्यांच्या आणि मातीत रचलेल्या. वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती टाकत राहायची, म्हणजे डोक्यावर टनावारी ओझं. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलं गेलं. पण हादऱ्यात असे दगड एकमेकांना धरून ठेवत नाहीत. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. २००२ मध्ये भूकंपाचा नकाशाही बदलला, झोन १ रद्द झाला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला.

हल्ली कुठंही भूकंप झाला की ‘हवामान बदलामुळे पृथ्वी कोपली’ असे मेसेज फिरतात. ते चूक आहे. किल्लारीला ढकलणारी ताकद जमिनीच्या पोटातली आहे, तिचा तापमानवाढीशी संबंध नाही.

दरडींचं मात्र तसं नाही. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि ते कोसळतं तेव्हा एकदम कोसळतं. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. सह्याद्रीच्या उतारावरची माती असं पाणी पिऊन जड होते आणि खडकावरून घसरते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण असंच गाडलं गेलं, १५० हून जास्त माणसं गेली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथं जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. दुसऱ्याच दिवशी सरकारने सांगितलं, की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.