चाकाच्या खुर्चीतून मरीन ड्राइव्ह

आजीला समुद्र दाखवायचा आहे, पण वाळूत चाकं रुततात? मग चौपाटी सोडा आणि सरळ मरीन ड्राइव्ह गाठा. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जवळपास 3 किलोमीटर सलग, सपाट, ऐसपैस रुंद पदपथ आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत.

मला सगळ्यात आवडतो तो कठडा. बसता येईल इतकाच उंच, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसालाही त्याच्यावरून समुद्र दिसतो. माझी आजी कठड्याला खुर्ची टेकवून तासभर टेट्रापॉडवर फुटणाऱ्या लाटा बघत बसते. गुडघे दुखणाऱ्यांना तर दर दहा पावलांवर बैठक!

एकच अडचण, रस्त्यावरून पदपथावर चढतानाची कड. टॅक्सी सोडण्याआधी उतार कुठे आहे ते बघून घ्या. चर्चगेट स्टेशनहूनही अंतर थोडंच आहे, पण रस्ता सिग्नललाच ओलांडा.

सकाळी लवकर गेलात तर इमारतींची सावली मिळते. या आर्ट डेको इमारती 2018 पासून जागतिक वारशात आहेत, पोरांना त्यांच्या गोलाकार बाल्कन्या मोजायला लावा. सूर्यास्त बघायचा तर डिसेंबरात या, सूर्य थेट पाण्यात उतरतो. मे महिन्यात तो मलबार हिलच्या बाजूला सरकलेला असतो.

पावसाळ्यात मात्र भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी खुर्ची घेऊन कठड्याजवळ अजिबात जाऊ नका.