सरकारी वेबसाईटचा गज सर्वांसाठी एकच हवा

कापडाच्या धंद्यात माप हा इमानाचा पाया आहे. पूर्वी गजाच्या लांबीत प्रदेशागणिक फरक असे. १९५६ साली वजने-मापांचा कायदा झाला, पुढे मीटर रुळला, आणि भिवंडीत मोजलेला तागा नागपुरातही तेवढाच भरू लागला. मीटर कोणा एका गिरणीच्या मालकीचा नाही, म्हणूनच त्यावर सर्वांचा भरवसा आहे.

इंटरनेटवरही अशी मापे आहेत. त्यांना खुली मानके म्हणतात. पान कसे रचावे, अक्षर कोणत्या क्रमांकाने साठवावे, याचे हे जाहीर नियम होत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने यातले बरेच नियम घडवले. ते वापरायला कोणाला दाम मोजावा लागत नाही. त्यांप्रमाणे बनलेली वेबसाईट कोणत्याही कंपनीच्या ब्राउझरमध्ये उघडते, संगणकावर उघडते आणि साध्या मोबाईलवरही उघडते.

हे नियम सोडले तर काय होते, ते दक्षिण कोरियाने भोगले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेथे ऑनलाईन व्यवहारांच्या सुरक्षेसाठी देशाची स्वतःची पद्धत आली. ती ब्राउझरमध्ये नव्हती. त्यासाठी ॲक्टिव्हएक्सचा जोडप्रोग्राम बसवावा लागे, आणि तो फक्त मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. पुढे एका कोरियन टीव्ही मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना फार पसंत पडला. गिऱ्हाईक तयार, माल तयार; पण परदेशातून खरेदी होईना! मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी याच कोटाचा दाखला देऊन नियम बदलण्यास सांगितले. सरकारी प्रमाणपत्राचा खास दर्जा कायद्याने संपायला डिसेंबर २०२० उजाडला. ज्या ब्राउझरवर सारा देश विसंबला होता, तो खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. सरकारी कामात भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक नोव्हेंबर २००९ मध्ये ठरले. खुल्या मानकांचे राष्ट्रीय धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये आले. सरकारी वेबसाईट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली, २०१८ व २०२३ मध्ये सुधारली गेली. अंध व अपंग नागरिकांनाही पान वापरता यावे, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे.

उणीव आहे ती अंमलाची. एका कार्यालयाची निविदा आम्ही उघडली, तर मराठी अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी! मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, खास फाँटमध्ये होता. तो फाँट ज्याच्याकडे नाही, त्याला निविदा असून नसल्यासारखी. कोठे कागद स्कॅन करून नुसते चित्र चढवलेले असते. त्यात आपल्या मालाचे नाव शोधता येत नाही, आणि अंध माणसाचा संगणक ते वाचून दाखवू शकत नाही.

ही बाब शौकाची नाही. उद्यम नोंदणी ऑनलाईनच होते. जीएसटीचे विवरणपत्र ऑनलाईनच भरावे लागते. मासिक विवरणाला उशीर झाला तर दररोज ५० रुपये विलंब शुल्क पडते. सरकारच्या दारात जाण्यासाठी नागरिकाला अमुक कंपनीचीच चप्पल घालावी लागावी, हा इन्साफ नव्हे.

यावर उपाय आपल्या हाती आहे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक सरकारी वेबसाईटवर तिच्या जबाबदार अधिकाऱ्याचा पत्ता असायला हवा. पान उघडले नाही तर तारीख, वेळ, ब्राउझरचे नाव आणि पडद्याचे चित्र जोडून त्यांना लेखी कळवावे. एकट्याची चिठ्ठी बाजूला पडू शकते. म्हणून व्यापारी संघटनेने व विणकरांच्या सहकारी सोसायटीने अशा तक्रारी एकत्र करून पाठवाव्यात. मागणी एकच ठेवावी : नवे नियम नकोत, केलेले पाळा.

माप कमी भरले तर आपण दुकानदाराला जागीच टोकतो. सरकारी पानालाही तसेच टोकले पाहिजे.