स्केल : पट्टी, थाट की पलटा?

कतारगाम म्हटले की जुन्या मंडळींना उंधियूतली पापडी आठवते. आजच्या मंडळींना हिऱ्यांचे कारखाने आठवतात. मला मात्र सुरतेचा हा भाग हल्ली एका इंग्रजी शब्दामुळे आठवतो. तो शब्द म्हणजे 'स्केल'. तिथल्या कारखान्यात स्केल म्हणजे काटा. कॅरटचा शंभरावा भाग, म्हणजे अवघे दोन मिलिग्रॅम, तो तोलून दाखवतो. हिऱ्याच्या रंगाची 'डी'पासून 'झेड'पर्यंत जी प्रतवारी लावतात तीही स्केलच. शाळेच्या दप्तरात तिची फूटपट्टी होते, नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण होते आणि मास्तरांच्या पगारपत्रकात वेतनश्रेणी होते. आणि संध्याकाळी पेटीपुढे बसलेली मुलगी विचारते, "सर, माझी स्केल कोणती?"

ही मुले घरी अहिराणी बोलतात, रस्त्यावर गुजराती. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून सुरतेस आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि तेथील महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळाही आहेत. अशा काही मुलांसाठी संगीतशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातले धडे मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पहिल्याच पानावर हा शब्द आडवा आला.

त्या मुलांच्या हाती आधीचे एक हस्तलिखित टिपण होते. त्यात लिहिले होते, "गायकाने आपल्या आवाजाला सोयीचा थाट निवडावा." वाचणाऱ्याला त्यात काही खटकणार नाही, पण गाणाऱ्याने ही आज्ञा पाळली तर काय होईल ते पाहा. एखाद्या मुलाचा यमनातला तीव्र मध्यम नीट लागत नाही. त्याने या वाक्याच्या आधाराने सोयीचा थाट निवडला, म्हणजे कल्याण सोडून बिलावल घेतला, तर मध्यम शुद्ध होईल आणि यमन नाहीसा होईल! मूळ लेखकाला एवढेच म्हणायचे होते की कोणी काळी एकमध्ये गावे, कोणी काळी चारमध्ये. षड्ज कुठेही धरला तरी यमन तो यमनच राहतो. तेव्हा मी एक कसोटी ठरवली. स्केल बदलूनही राग टिकत असेल तर ती पट्टी, आणि राग मोडत असेल तर तो थाट. कोणताही कोश ही कसोटी देणार नाही, आणि त्यात कोशकाराचा दोषही नाही. त्याने शब्दांची रास पुढे ठेवायची. निवड करायची ती वाक्य वाचणाऱ्याने.

गंमत अशी की 'तुमची स्केल कोणती' हा प्रश्न विलायती वादकाला विचारला तर तो गोंधळेल. ज्याला आपण पट्टी म्हणतो त्याला तिकडे बहुधा 'की' म्हणतात. आपल्या गवयांनी इंग्रजी शब्द घेतला आणि अर्थ स्वतःचा भरला. घेतला तर घेतला. पण इंग्रजी पुस्तक मराठीत आणताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मुळात इंग्रजीतही हा एक शब्द नव्हेच. तराजूचा स्केल उत्तरेकडच्या भाषेतल्या वाडग्यावरून आला, माशाच्या खवल्याचा फ्रेंचमधल्या टरफलावरून, आणि संगीताचा लॅटिनमधल्या शिडीवरून. तिन्ही पाहुणे एकाच नावाने राहिले. स्पॅनिशमध्ये त्यांची दारे वेगळी आहेत : सुरांना 'एस्काला', तराजूला 'बालान्झा', खवल्यांना 'एस्कामा'. तेव्हा स्पॅनिश अनुवादकालाही आधी विचारावेच लागते, की तोलायचे आहे की चढायचे? आपल्या आरोह-अवरोहातही ती शिडी आहेच.

अशा निवडीचे काम बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्याने 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला. संगीतातही तेच. 1886 मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा इथे सुरू झाली, आणि 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंडे यांनी इथेच भरवली. रागांच्या वर्गीकरणासाठी भातखंड्यांनी जो 'थाट' पुढे आणला तो काही कोशातून काढलेला नव्हे. सतारीचे पडदे सरकवून स्वरांची जी मांडणी करतात तिला वादक थाट म्हणतच होते. हातात रुळलेला शब्द होता, म्हणून तो टिकला.

'पट्टी'वर कोणी आक्षेप घेतील : घरपट्टी, पाणीपट्टी, जखमेवरची पट्टी, किती हे अर्थ! असू देत. शेजारचा शब्द अर्थ सांगतो. पेटीजवळ बसून कोणी पाणीपट्टीचा विचार करीत नाही. (पट्टीचा गवई ही चीज आणखी निराळी, आणि ती कोणत्याही पट्टीत सापडते असे नाही.)

माझे टिपण आता पुरे झाले आहे. एका वाक्यापाशी मात्र पट्टी आणि थाट दोन्ही निरुपयोगी ठरले. इंग्रजी लेखक सांगत होता की विद्यार्थ्याने रोज सकाळी अर्धा तास स्केल्स म्हणाव्यात. तिथे मी लिहिले, "रोज सकाळी अर्धा तास पलटे घोटावेत."